कामावर लागलं तर काय करायचं: कोल्हापुरातल्या कामगारासाठी भरपाईचा रस्ता, पायरी-पायरीने

२०२१ च्या ऑगस्टात माझ्या डाव्या हाताच्या तर्जनीची दोन पेरं पॉवर प्रेसखाली गेली. शिरोलीकडचं छोटं वर्कशॉप, मालक धरून आठ माणसं. प्रेसला दोन्ही हातांनी दाबायची दोन बटणं होती, पण एक बटण महिनाभर चिकटपट्टी लावून दाबूनच ठेवलेलं. दोन हातांनी जॉब निघत नाही, आकडा पुरा होत नाही, म्हणून. कोणी लावली होती ती पट्टी, हे सगळ्यांना माहीत होतं. कोर्टात मात्र कुणालाच आठवेना.

बोट गेल्याचं दुःख वेगळं. पण मला सगळ्यात महाग पडलं ते एक वाक्य. दवाखान्याच्या दारात सुपरवायझर कानाशी येऊन म्हणाला, "मोटारसायकलच्या चेनमध्ये बोट अडकलं म्हणून सांग, उगंच पोलिसांची भानगड नको. मालक सगळं बघून घेतील." मी मान हलवली आणि डॉक्टरांनी तेच लिहिलं. ती एक ओळ पुसायला मला दोन वर्षं लागली. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहितोय. मी वकील नाही. ज्या क्रमाने मला कळायला हवं होतं, त्या क्रमाने सांगतो.

१. पहिला तास: डॉक्टरला खरं सांगा

दवाखान्यात गेल्यावर केस पेपरवर "कसं लागलं" याची एक ओळ लिहिली जाते. ती ओळ म्हणजे तुमची अर्धी केस. "कंपनीत, प्रेसवर काम करताना, अमुक वाजता" एवढं त्यात आलंच पाहिजे. बोलायच्या अवस्थेत नसाल तर सोबतच्या माणसाने सांगावं, आणि तो सोबतचा माणूस शक्यतो घरचा असावा. म्हणून घरी फोन लगेच करा, पट्टी बांधून झाल्यावर नव्हे.

मालक खासगी दवाखान्यात नेतो ते वाईटच असतं असं नाही, बोट वाचायचं असेल तर जवळचा दवाखाना बरा. पण जखम मोठी असेल तर एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, झाली का हे विचारा. सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, ही नोंद सहसा आपोआप होते, आवारातच पोलीस चौकी आहे. खासगीत मात्र ती "राहून जाते".

चुकीचं लिहून झालंच असेल तर? दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आलात की त्याच डॉक्टरांकडे लेखी अर्ज द्या: "काल घाबरल्यामुळे चुकीचं सांगितलं, खरं कारण हे." पोचपावती घ्या. मी हे तब्बल पाच महिन्यांनी केलं, आणि समोरच्या वकिलाने मला पहिला प्रश्न त्यावरच विचारला.

२. पहिले तीन-चार दिवस: फोटो, हजेरी आणि मालकाला लेखी पत्र

हाताला बँडेज असतानाच हे करायचं असतं, म्हणून भाऊ, बायको, मित्र कुणाला तरी कामाला लावा.

मशीनचा फोटो, गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून लावायचं झाकण) नसलेल्या बाजूसकट. त्या दिवशीच्या हजेरीच्या पानाचा फोटो. सोबत काम करणाऱ्या दोघांची नावं आणि नंबर. आज ते तुमचे भाऊबंद असतात, सहा महिन्यांनी त्यातला एक गोकुळ शिरगावला गेलेला असतो आणि दुसरा बिहारला. माझ्या बाबतीत मला तारलं ते जॉब कार्डाने. प्रेस नंबर दोनवर किती नग निघाले ते आम्ही तासातासाला लिहायचो. त्या दिवशी ११.४० नंतर माझा रकाना कोरा होता आणि कार्डाच्या कोपऱ्यावर तेलकट अंगठा उमटलेला. माझ्या जोडीदाराने ते कार्ड मोबाइलवर टिपून ठेवलं होतं, का तर त्याला स्वतःचा आकडा दाखवायचा होता. नशीब माझं.

मग मालकाला लेखी सूचना. कायद्याने ती "शक्य तितक्या लवकर" द्यायची असते. साधं पत्र पुरतं:

"मी आपल्याकडे प्रेस ऑपरेटर म्हणून काम करतो. दिनांक ___ रोजी ___ वाजता प्रेस क्र. २ वर काम करताना माझ्या डाव्या हाताच्या तर्जनीला गंभीर इजा झाली. ___ दवाखान्यात उपचार चालू आहेत. कायद्याप्रमाणे भरपाई व वैद्यकीय खर्च मिळावा."

खाली सही, तारीख. स्पीड पोस्टाने, रजिस्ट्रेशन आणि पोच पावतीसह पाठवा (जुनं रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच सामावलं). हातात दिलं तर दुसऱ्या प्रतीवर "मिळाले" म्हणून सही घ्या. ती द्यायला मालक तयार नसेल तर वाद घालत बसू नका, सरळ पोस्टात जा.

यानंतर मालकाने स्वतःच्या खर्चाने डॉक्टरी तपासणीला बोलावलं तर जा. तो त्याचा हक्क आहे, आणि तुम्ही विनाकारण नकार दिलात तर तुमचा हक्क तेवढ्या काळापुरता थांबतो. फक्त तिथेही कसं लागलं ते खरं सांगा.

३. तुमचा रस्ता कुठला: ईएसआय की भरपाईचा कायदा

इथे निम्मी माणसं चुकतात. दोन रस्ते आहेत आणि दोन्हींवरून एकदम चालता येत नाही.

दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यात, दुकानात, हॉटेलात महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्याला ईएसआय, म्हणजे राज्य कामगार विमा लागू होतो (अपंग कामगाराला २५,००० पर्यंत). पगारपत्रकावर तुमचे ०.७५ टक्के कापलेले दिसतील, मालक ३.२५ टक्के भरतो. ईएसआय लागू असेल तर अपघाताचे पैसे तिथूनच मिळतात. मालकावर भरपाईचा वेगळा दावा चालत नाही.

ईएसआय लागू नसेल, म्हणजे माणसं दहापेक्षा कमी किंवा पगार २१,००० च्या वर, तर १९२३ चा कर्मचारी नुकसान भरपाई कायदा. इचलकरंजीतले बारा-सोळा मागांचे छोटे शेड, उद्यमनगरातली दोन लेथची दुकानं, गुऱ्हाळं, बरीचशी बांधकामं याच रस्त्याला येतात. माझंही तेच झालं.

माणसं मोजताना ठेकेदाराची माणसंही मोजायची. "आमच्याकडे सातच आहेत, बाकीचे ठेकेदाराचे" हे उत्तर ऐकून परत फिरू नका. आणि दहा माणसं असूनही मालकाने तुमचं नाव ईएसआयला घातलंच नसेल, तर ती त्याची चूक आहे, तुमची नाही. ईएसआय महामंडळाकडे तक्रार करा. तुम्हाला लाभ देऊन ते मालकाकडून वसूल करू शकतात.

एक सापळा हमखास लावला जातो. मालक म्हणतो, "आठ दिवस थांब, तुझं ईएसआय कार्ड काढतो, मग पुढच्या तारखेचा अपघात दाखवू." अजिबात हो म्हणू नका. दवाखान्याची तारीख आणि कार्डाची तारीख जुळत नाही, आणि खोट्या निवेदनावर सही तुमची असते.

आणखी एक गोष्ट. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. हे दोन्ही जुने कायदे आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावले आहेत. भरपाईच्या हिशेबाची रीत (खाली ५ आणि १० मध्ये दिली आहे) तीच आहे, पण अर्जातली कलमं बदलतात. म्हणून वकिलाला पहिली गोष्ट सांगा ती अपघाताची तारीख. माझी केस जुन्या कायद्याखालची, खाली कलमांऐवजी मी मुद्देच सांगतोय. घरून कामावर जाता-येता झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध दाखवता आला तर, आता कामावरचा धरला जातो. ईएसआयमध्ये ही सोय आधीपासून होती. रात्रपाळी सुटल्यावर हायवेने घरी जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

४. ईएसआय असेल तर

हा रस्ता त्यातल्या त्यात सोपा. मालकाने अपघाताचा अहवाल ईएसआयच्या शाखा कार्यालयाला द्यायचा असतो, गंभीर इजा असेल तर लगेच, नाहीतर कळल्यापासून २४ तासांत. तो दिला का हे विचारा आणि प्रत मागा. अपघात-वहीत नोंद झाली का तेही बघा.

घरी बसावं लागलं त्या काळात पगाराच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते. अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम बुडालेलं असलं पाहिजे. आजारपणाच्या लाभाला आधी काही महिने वर्गणी भरलेली लागते, अपघाताला तशी अट नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी लागलं तरी मिळतं. मात्र तुमच्या ईएसआय दवाखान्यातल्या विमा वैद्यकीय अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र दर वेळी लागतं. खासगीत उपचार चालू ठेवून तीन महिन्यांनी ईएसआयच्या दवाखान्यात उगवलात तर मधल्या काळाचं प्रमाणपत्र कोण देणार?

अवयव कायमचा गेला असेल तर वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती टक्के गेली ते ठरवतं आणि त्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा पैसे मिळतात. तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ चालू असताना मालकाला तुम्हाला कामावरून काढता येत नाही.

५. ईएसआय नसेल तर: आकडा स्वतः काढा

मालकाने मला दिलेला आकडा होता २५,०००. "शिवाय दवाखाना मी केलाय," असं वर. मला वाटलं, बरेच की. मग एका संघटनेच्या कार्यकर्त्याने वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडून दाखवला.

कायमच्या इजेसाठी: महिन्याच्या पगाराचे ६० टक्के, गुणिले वयाचा गुणक, गुणिले गेलेल्या क्षमतेची टक्केवारी. पगार कितीही असला तरी हिशेबाला जास्तीत जास्त १५,००० धरतात (३ जानेवारी २०२० पासून, त्याआधी ८,०००). वयाचा गुणक कायद्याच्या तक्त्यात आहे: २५ व्या वर्षी २१६.९१, तिशीत २०७.९८, पस्तिशीत १९७.०६, चाळिशीत १८४.१७, पन्नाशीत १५३.०९. वय म्हणजे शेवटच्या वाढदिवसाला पूर्ण झालेलं.

टक्केवारीचाही तक्ता आहे. पूर्ण अंगठा ३० टक्के. पूर्ण तर्जनी १४, तिची दोन पेरं ११, एक पेर ९. पूर्ण मधलं बोट १२. अनामिका किंवा करंगळी ७. एका हाताची चारही बोटं ५०. एका डोळ्याची दृष्टी गेली तर ३०, डोळाच काढावा लागला आणि दुसरा चांगला असेल तर ४०. मागाचा धोटा उडून डोळ्याला लागतो, त्यांनी हे आकडे लिहून ठेवा.

माझा पगार १४,०००, वय ३५. १४,००० चे ६० टक्के ८,४००. त्याला १९७.०६ ने गुणलं की १६,५५,३०४. त्याचे ११ टक्के म्हणजे १,८२,०८३ रुपये. कुठे २५ हजार आणि कुठे हे!

शिवाय वैद्यकीय खर्च प्रत्यक्ष झाला तेवढा वेगळा. मालकाने दवाखान्याचं बिल भरलं असेल तर ते भरपाईतून वजा होत नाही. हे वाक्य मी मालकाच्या टेबलासमोर बसून दोनदा म्हणालो होतो. उचल म्हणून भरपाईपोटी दिलेले पैसे मात्र वजा होतात.

तात्पुरतं अपंगत्व असेल, हात बरा होईपर्यंत घरी, तर दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराचे २५ टक्के मिळतात, जास्तीत जास्त पाच वर्षं. पहिले तीन दिवस धरत नाहीत, पण काम २८ दिवस किंवा जास्त बुडालं तर पहिल्या दिवसापासून धरतात.

तक्त्याबद्दल एक गोष्ट वकीलही कधी कधी विसरतात. अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईची क्षमता गेल्याची टक्केवारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिसेंबर १९७५ मध्ये प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाटा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर एक सुतार होता, डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेला. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची क्षमता शंभर टक्के गेली, हे न्यायालयाने मान्य केलं. म्हणजे तुम्ही मोल्डर आहात, वेल्डर आहात की चांदीवर बारीक काम करणारे हुपरीचे कारागीर आहात, याने फरक पडतो. डॉक्टरांच्या दाखल्यात "हे काम पुन्हा करू शकतो का" याचा उल्लेख मागून घ्या. मी मागितला नाही. ११ टक्क्यांवर समाधान मानलं.

६. कागदपत्रं

एका प्लास्टिकच्या फाइलीत ठेवा आणि मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका, वकिलाच्याही नाही. त्याला झेरॉक्स द्या.

- केस पेपर, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, औषधांची सगळी बिलं (मेडिकलची चिठ्ठी कोमेजते, आधी झेरॉक्स काढा)
- एमएलसीची नोंद, पोलिसांत जबाब दिला असेल तर त्याची प्रत
- अपंगत्वाचा दाखला, सीपीआरमधून
- पगाराचा पुरावा: पावती, बँक पासबुक, हजेरी कार्ड. रोखीत पगार असेल तर फोनवरचे "पगार आला का" हे निरोपसुद्धा
- नोकरीचा पुरावा: ओळखपत्र, गेट पास, गणवेशातला फोटो, मालकाने पाठवलेले निरोप
- वयाचा पुरावा: शाळा सोडल्याचा दाखला सगळ्यात बरा
- आधार, बँकेचं पासबुक
- मालकाला पाठवलेल्या पत्राची प्रत आणि पोस्टाची पावती
- साक्षीदारांची नावं, पत्ते

रोखीत पगार घेणाऱ्यांचा घोळ पगार सिद्ध करण्यातच होतो. मालक सांगतो, "हा आठ हजारांवर होता." आजच, धडधाकट असतानाच, पगार बँकेत मागायला लागा.

७. शंभराचा स्टॅम्प

माझ्या वेळी शंभराचा होता, आता पाचशेचा असतो. अपघातानंतर पंधराव्या दिवशी मालकाचे मेहुणे घरी आले. चहा झाला, आईच्या तब्येतीची चौकशी झाली, आणि मग पिशवीतून स्टॅम्प निघाला: "मला सर्व भरपाई मिळाली असून भविष्यात कोणतीही तक्रार करणार नाही." आई म्हणाली, "चांगली माणसं आहेत, कर की सही." बायकोने तो कागद वाचला आणि "उद्या सांगतो" म्हणून त्यांना वाटेला लावलं. संसारात तिचे जे काही उपकार आहेत त्यात हा वरचा.

खरं तर अशा कागदाला कायद्याने फारशी किंमत नाही. हक्क सोडून देणारा करार रद्दबातल असतो, आणि ठोक रकमेची तडजोड भरपाईच्या कायद्यातल्या आयुक्तांकडे (ते कोण, हे पुढच्या मुद्द्यात) नोंदवावी लागते. ते रक्कम कमी आहे का हे बघून नोंदणी नाकारू शकतात. पण सही केलेला कागद समोर आला की केस लांबते. तडजोड करायचीच असेल तर जरूर करा, माझ्या ओळखीतल्या दोघांनी केली आणि त्यांना पैसे माझ्या आधी मिळाले. फक्त आकडा वरच्या हिशेबाच्या आसपास असू द्या आणि करार नोंदवून घ्या.

८. जायचं कुठे

"आयुक्त" हा शब्द ऐकून मी सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात दोन चकरा मारल्या. तिथल्या शिपायाने शेवटी कीव येऊन सांगितलं, "पाव्हणं, तुमचा आयुक्त हितं न्हाई बसत." भरपाईच्या कायद्यातला आयुक्त वेगळा. आपल्याकडे हे काम कामगार न्यायालयाचे न्यायाधीश बघतात. थकलेला पगार, बोनस असल्या तक्रारींना कामगार आयुक्त, अपघाताच्या भरपाईला कामगार न्यायालय.

अर्जाची मुदत अपघातापासून दोन वर्षं. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण त्या भरवशावर राहू नका. "बोलणी चालू होती" हे सबळ कारण प्रत्येक वेळी चालत नाही. अर्ज अपघात झाला तिथे किंवा तुम्ही राहता तिथेही करता येतो. म्हणजे अपघात चाकणला झाला आणि तुम्ही गारगोटीला परत आलात, तर पुण्याला हेलपाटे मारायची गरज नाही. उलट, बिहारचा किंवा ओडिशाचा माणूस इथे जखमी झाला आणि गावी गेला, तर त्यालाही तिकडे अर्ज करता येतो.

ठेकेदारामार्फत लागला असाल तर मूळ मालक आणि ठेकेदार दोघांनाही पक्षकार करा. ठेकेदाराने पाटी बदलली तरी मूळ मालकाची जबाबदारी राहते. मालकाने विमा काढला असेल, बोलीभाषेत "वर्कमन पॉलिसी", तर विमा कंपनीलाही. पुष्कळदा मालक भांडत असतो ते केवळ पॉलिसी आहे हे विसरून.

वकिलाबद्दल. औद्योगिक कामगाराला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट न लावता. स्त्रिया, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमाती यांनाही. प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयात आहे, १५१०० वर फोन करूनही विचारता येतं. नोंदणीकृत कामगार संघटनेचा पदाधिकारीही तुमच्या वतीने उभा राहू शकतो. लाल बावट्याच्या काही जुन्या कार्यकर्त्यांना या कायद्याचे तक्ते तोंडपाठ आहेत. "मिळालेल्या रकमेच्या तीस टक्के" अशी बोली लावणारा कुणी भेटला तर उठून या. वकिलांच्या नियमातच ते बसत नाही.

निकाल तीन महिन्यांत द्यावा असं कायद्यात लिहिलंय. माझा अर्ज फेब्रुवारी २०२२ चा, निकाल मार्च २०२४ चा. तारखेला डबा घेऊन जा.

९. समोरून काय येतं

तीन बचाव ठरलेले आहेत. पहिला: हा आमचा माणूसच नाही. त्याला हजेरी, बँक, फोटो. दुसरा: कामावर लागलंच नाही. त्याला केस पेपर, आणि म्हणूनच पहिली पायरी एवढी ताणून लिहिली. तिसरा: दारू प्यायला होता, किंवा गार्ड स्वतः काढला. हे मालकाला सिद्ध करावं लागतं, आणि तुम्ही ते जाणूनबुजून केलं हेही. मृत्यू किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं असेल तर हा बचाव चालतच नाही. माझ्या चिकटपट्टीवरून दोन तारखा गेल्या. शेवटी ती रोज सकाळी सुपरवायझर बघत होता, हे त्यानेच उलटतपासणीत कबूल केलं.

पोलिसांत तक्रार करायची की नाही हा तुमचा निर्णय. निष्काळजीपणाचा गुन्हा वेगळा, भरपाई वेगळी, भरपाईसाठी गुन्हा दाखल असावाच लागतो असं नाही. पण गार्ड नसलेलं मशीन उद्या दुसऱ्याचा हात घेणार असेल, तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कोल्हापूर कार्यालयाला जरूर कळवा.

कामानिमित्त गाडीवर असताना रस्त्यावर अपघात झाला तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण किंवा हा कायदा, दोन्हींपैकी एकच निवडता येतं. मोटार अपघाताच्या दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे, म्हणून निवड लवकर करा.

१०. माणूसच गेला तर

मृत्यूच्या भरपाईत पगाराचे ६० नव्हे ५० टक्के धरतात, गुणिले वयाचा गुणक. किमान १,२०,००० रुपये, आणि अंत्यविधीचा खर्च वेगळा. ही रक्कम मालकाने आयुक्तांकडेच जमा करायची असते. दहाव्याला घरी येऊन हातात दिलेलं पाकीट भरपाई म्हणून धरलं जात नाही. पैसे विधवा, मुलं, अवलंबून असलेले आई-वडील यांच्यात कसे वाटायचे ते आयुक्त ठरवतात. घरात त्यावरून भांडण होतं म्हणून सांगितलं.

११. बाजूचे पैसे

भरपाईच्या नादात हे विसरतात. बांधकाम कामगार कल्याण मंडळाची नोंदणी चालू असेल तर कामावर मृत्यू झाल्यास वारसाला ५ लाख, आणि ७५ टक्के किंवा जास्त कायमचं अपंगत्व आल्यास २ लाख. नोंदणीचं नूतनीकरण संपलं असेल तर काहीच नाही, म्हणून स्मार्ट कार्डावरची तारीख आज बघा. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जातात तो प्रधानमंत्री सुरक्षा विमा: मृत्यूला २ लाख, एक डोळा, हात किंवा पाय पूर्ण गेला तर १ लाख. बोटांना त्यात काही नाही. मी विचारून आलोय.

१२. निकाल लागल्यावर

भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते. महिन्याच्या आत दिली नाही तर सालाना १२ टक्के व्याज, आणि योग्य कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. माझ्या रकमेवर वर्षाला साधारण २१,८५० रुपये व्याज बसलं. दंड मिळाला नाही.

मालकाने भरलेच नाहीत तर आयुक्तांकडून दाखला जाऊन रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. त्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो, आपोआप काही होत नाही. मालकाला अपील करायचं असेल तर ६० दिवसांत उच्च न्यायालयात, आणि त्याआधी निकालाची पूर्ण रक्कम जमा करून. पूर्वी अपील म्हटलं की मुंबईची गाडी पकडावी लागायची. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं, त्यामुळे "मुंबईला खेचीन" ही धमकी आता जुनी झाली.

रक्कम आयुक्तांकडे जमा होते आणि तुमच्या खात्यावर येते. आधार, पासबुक आणि निकाल या तिन्हींवर नाव अक्षरशः सारखं लागतं. माझ्या पासबुकात वडिलांचं नाव "दत्तू" आणि आधारवर "दत्तात्रय". त्यासाठी प्रतिज्ञापत्र, बँकेच्या दोन फेऱ्या आणि सव्वीस दिवस गेले. अर्ज करायच्या आधीच एवढं जुळवून घ्या.